अपडेट केलं की साइट मोडते: बदल केलेल्या वर्डप्रेस साइटवर काय तपासायचं, काय हलवायचं

तक्रार साधारण अशी असते. डॅशबोर्डवर अपडेटचा लाल आकडा दिसतो, कुणीतरी बटण दाबतं आणि साइट बिघडते. कधी पान पूर्ण पांढरं पडतं. कधी पान उघडतं, पण वरची पट्टी मूळ थीमसारखी (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचासारखी) झालेली असते, व्हॉट्सॲपचं बटण गायब असतं, मराठी तारखा पुन्हा इंग्रजीत आलेल्या असतात. मग होस्टिंगवाल्याला फोन, कालचा बॅकअप परत, आणि ‘आता अपडेटला हात लावायचा नाही’ असा ठराव. दोन-तीन वर्षं तसंच चालतं. पुढे होस्टिंग कंपनी जुनी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती) बंद करते, किंवा जुन्या प्लगइनमधल्या (साइटला जोडलेल्या वाढीव सोयीच्या कोडमधल्या) त्रुटीतून कुणी आत शिरतं, आणि साचलेलं सगळं एकदम अपडेट करावं लागतं. साइट पुन्हा मोडते.

शाळा, पतसंस्था, छोटे प्रकाशक, दिवाळी अंक यांच्या साइटवर हे फार दिसतं. साइट कुणा ओळखीच्या मुलानं मेहनतीनं बनवलेली असते, तो आता दुसरीकडे नोकरीला असतो, आणि त्यानं काय काय बदललं हे कुठेही लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: अशा साइटवर बहुतेक वेळा बिघाड अपडेटमध्ये नसतो, बदलांची जागा चुकलेली असते. प्लगइन किंवा थीम अपडेट होते तेव्हा वर्डप्रेस तिचा जुना फोल्डर काढून नवा ठेवतं. मूळ वर्डप्रेसच्या फाइलींवरही नव्या फाइली लिहिल्या जातात. त्या फोल्डरांत कुणी हातानं काही लिहिलं असेल तर ते जाणारच. डब्ल्यूपी-कॉन्फिग ही सेटिंगची फाइल, अपलोड्सचा फोल्डर, चाइल्ड थीम (मूळ थीमवर आपले बदल ठेवणारी जोडथीम) आणि स्वतःचं प्लगइन यांना अपडेट हात लावत नाही. सगळा इलाज बदल पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा आहे.

साइट आत्ता बंद असेल तर

आधी नक्की काय दिसतंय ते बघा. ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ अशा अर्थाचा संदेश अडकून बसला असेल तर अपडेट मध्येच तुटलंय. साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘मेंटेनन्स’ नावाची, सुरुवातीला टिंब असलेली फाइल आहे, ती काढून टाका. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये टिंबवाल्या फाइली लपलेल्या असतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या आधी दाखवायला सांगा. दहा मिनिटांनी वर्डप्रेस स्वतःच त्या फाइलीकडे दुर्लक्ष करू लागतं, पण अपडेट अर्धवट राहिलेलं असतं. ते पुन्हा पूर्ण करावंच लागतं.

पान पांढरं असेल किंवा ‘गंभीर त्रुटी’ असं लिहून येत असेल तर ॲडमिनचा मेल बघा. मे २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनच्या पत्त्यावर एक दुवा पाठवतं. त्यातून रिकव्हरी मोडमध्ये शिरता येतं आणि बिघडलेलं प्लगइन किंवा थीम तेवढी थांबवता येते. अडचण अशी की हा पत्ता बहुतेकदा जुन्या डेव्हलपरचाच राहिलेला असतो. तो आजच बदला. लगेच मेल हवा असेल तर त्यासाठीचा वेगळा पत्ता डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्येही देता येतो.

मेल आलाच नाही तर फाइल मॅनेजरमधून प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदला. साइट उघडली तर दोष प्लगइनमध्ये आहे. मग फोल्डरला मूळ नाव द्या आणि आतल्या एकेका प्लगइनचा फोल्डर तपासा. साइट उघडली नाही तर थीमकडे वळा.

एरर लॉग (त्रुटींची नोंद) वाचल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नका. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डीबग (त्रुटी शोधण्याची सोय) चालू करा, त्रुटी फाइलमध्ये लिहायला सांगा आणि पानावर दाखवणं बंद ठेवा. ही लॉगची फाइल डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात तयार होते आणि पत्ता माहीत असेल तर ती कुणीही उघडू शकतं. म्हणून तिची जागा बदलून सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवा आणि काम झालं की डीबग बंद करा. लॉगमधल्या त्रुटीच्या ओळीत फाइलचा पूर्ण मार्ग आणि ओळीचा क्रमांक असतो. अर्धं निदान त्या मार्गातच झालेलं असतं.

वर्डप्रेस बिघडलं की पीएचपी?

या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. होस्टिंग कंपनीनं पीएचपी ७.४ वरून ८ च्या पुढे नेली, त्याच आठवड्यात कुणी वर्डप्रेस अपडेट केलं, आणि दोष वर्डप्रेसच्या नावावर लागला. पीएचपी ७.४ ची अधिकृत देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, त्यामुळे ही सक्ती कधी ना कधी होणारच होती.

लॉगमध्ये ‘क्रिएट_फंक्शन’ किंवा ‘ईच’ नावाचं फंक्शन सापडत नाही असं दिसलं तर कारण पीएचपी आहे. ही दोन्ही पीएचपी ८.० मधून काढली गेली. ‘मायएसक्यूएल_’ नं सुरू होणारी जुनी फंक्शन्स तर ७.० मध्येच गेली. हातानं लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये आणखी दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, रिकाम्या किमतीवर ‘काउंट’ चालवणं. दुसरी, ॲरेच्या कंसात अवतरणचिन्हं न देता नाव लिहिणं. पूर्वी यावर नुसती सूचना यायची आणि पान चालायचं. पीएचपी ८ मध्ये पान तिथेच थांबतं.

खात्री करायची असेल तर होस्टिंग पॅनेलमधून पीएचपी तात्पुरती मागच्या आवृत्तीवर आणा. साइट चालली तर निदान पक्कं. पण तिथे राहू नका, तेवढ्या अवधीत कोड दुरुस्त करा.

पान दिसतंय, पण स्लाइडर फिरत नाही, मेनू उघडत नाही, फॉर्मचं बटण दाबलं तरी काही होत नाही, असं असेल तर पीएचपीच्या लॉगमध्ये काही सापडणार नाही. ब्राउझरचा कन्सोल उघडा. इथे बहुतेकदा जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा प्रश्न असतो. वर्डप्रेसमध्ये वर्षानुवर्षं जेक्वेरी १.१२.४ होती. ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीनं जुन्या कोडला सांभाळून घेणारी मायग्रेट फाइल काढली आणि डिसेंबरमधल्या ५.६ नं थेट जेक्वेरी ३.५.१ आणली. जी साइट ४.९ वर थांबलेली होती आणि आज एका उडीत ६ च्या पुढे जाते, तिला हे सगळे धक्के एकाच दिवशी बसतात. थीममधली जुनी स्क्रिप्ट नव्या पद्धतीनं लिहिणं हाच उपाय. सांभाळून घेणारं एखादं प्लगइन आठवडाभराच्या सोयीपुरतं ठीक आहे.

काय बदललंय ते शोधणं

हे काम कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच सगळे ते टाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

साइटच्या सगळ्या फाइली उतरवून घ्या. त्यांच्यात वर्डप्रेसची, थीमची आणि प्रत्येक प्लगइनची जी आवृत्ती आहे, नेमकी त्याच आवृत्तीची मूळ प्रत मिळवा. नवी प्रत घेऊन तुलना केली तर हजारो फरक दिसतील आणि आपला बदल त्यांत बुडून जाईल. वर्डप्रेसच्या जुन्या आवृत्त्या अधिकृत साइटवर मिळतात, तिथल्या मोफत प्लगइनच्या जुन्या आवृत्त्याही मिळतात. विकतच्या थीमची जुनी प्रत मिळवायला मात्र विक्रेत्याला लिहावं लागतं.

मग विनमर्ज किंवा मेल्ड यांपैकी एखाद्या साधनानं दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून तुलना करा. ओळींच्या शेवटच्या अदृश्य खुणांमधला फरक दुर्लक्षित करायला सांगा, नाहीतर विंडोजवरून एकदा चढवलेली प्रत्येक फाइल बदललेली दिसेल. सर्व्हरवर डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेससाठीचं कमांड-लाइन साधन) असेल तर काम आणखी सोपं होतं. त्यात मूळ वर्डप्रेस आणि अधिकृत साइटवरची प्लगइन्स चेकसमनं (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यानं) पडताळणारी आज्ञा आहे. कोणती फाइल बदललीय आणि कोणती जास्तीची आहे, ते ती सांगते. जास्तीच्या फाइलीकडे संशयानं बघा. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल सापडली, किंवा वाचता न येणारा लांबलचक मजकूर आणि त्याच्यापुढे मजकूर कोड म्हणून चालवणारं ‘इव्हॅल’ दिसलं, तर तो डेव्हलपरचा बदल नसण्याची शक्यताच जास्त. आधी साइट स्वच्छ करा, अपडेटचं नंतर बघा.

प्रत्येक बदल एका शीटमध्ये लिहा: फाइल, बदल काय करतो, कुणाला हवा होता, आज हवा आहे का. शेवटच्या रकान्यावर ज्यांची साइट आहे त्यांच्याशी बसून बोला. कितीतरी बदल कुठल्या तरी जुन्या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी केलेले असतात. ते तिथेच सोडून द्यायचे.

कोणता बदल कुठे न्यायचा

दिसण्याचे बदल चाइल्ड थीममध्ये. हा सल्ला सगळेच देतात, पण त्यातली एक अडचण कुणी सांगत नाही. कस्टमायझरमधल्या (डॅशबोर्डवरून रूप बदलण्याच्या पानावरच्या) सेटिंग्ज थीमच्या नावाखाली साठवलेल्या असतात. चाइल्ड थीम चालू केली की लोगो, मेनूच्या जागा, रंग आणि ‘अतिरिक्त सीएसएस’ हे सगळं गेल्यासारखं दिसतं. ते डेटाबेसमध्ये जुन्या नावाखाली शाबूत असतं. नव्या नावाखाली उतरवावं लागतं. चालू साइटवर दुपारी बारा वाजता हे करू नका.

दुसरं म्हणजे चाइल्ड थीममध्ये आणलेली टेम्प्लेटची (पानाचा साचा असलेल्या फाइलीची) प्रत तिथेच गोठते. मूळ थीममध्ये किंवा वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनमध्ये ती फाइल सुधारली तरी तुमची प्रत जुनीच राहते. वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर अशी कालबाह्य टेम्प्लेट्स नावानिशी दिसतात. चेकआउटचं पान विचित्र वागत असेल तर ती यादी सगळ्यात आधी बघा. जिथे हुकनं (मूळ फाइलीला हात न लावता आपला कोड जोडण्याच्या सोयीनं) काम होतं तिथे टेम्प्लेटची प्रत आणूच नये.

जे बदल दिसण्याशी संबंधित नाहीत ते थीममध्ये नकोत. चाइल्ड थीममध्येही नकोत. एखाद्या प्रकाशकाच्या साइटवर ‘पुस्तकं’ हा वेगळा पोस्ट-प्रकार थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये नोंदवलेला असतो. थीम बदलली की डॅशबोर्डवरून सगळी पुस्तकं नाहीशी होतात आणि घबराट उडते. डेटा गेलेला नसतो, फक्त तो प्रकार कुणी नोंदवत नसतं. असा कोड साइटच्या स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये ठेवा, किंवा ‘एमयू-प्लगइन्स’ या फोल्डरमध्ये. तिथली फाइल आपोआप चालू होते आणि डॅशबोर्डवरून चुकून बंद करता येत नाही.

मूळ वर्डप्रेसमध्ये केलेले बदल मराठी साइटवर एका कारणासाठी फार आढळतात: देवनागरी आकडे. तारीख ‘१५ ऑगस्ट’ अशी दिसावी म्हणून कुणीतरी आतल्या फाइलीत आकडे बदलणारी ओळ घातलेली असते. ५.३ आवृत्तीपासून ‘डब्ल्यूपी_डेट’ नावाचा फिल्टर (मजकूर दिसण्याआधी बदलू देणारा हुक) आहे, त्यावर हे काम बाहेरून होतं. फक्त त्या फिल्टरला तारखेचा फॉरमॅटही मिळतो, तो जरूर तपासा. ‘सी’ हा फॉरमॅट यंत्रांसाठीची तारीख देतो. तिथेही देवनागरी आकडे गेले तर शोधयंत्रांना प्रकाशनाची तारीख वाचता येत नाही. माणसांना दिसणाऱ्या तारखेवरच बदल लावा.

भाषांतरांचंही असंच. प्लगइनच्या स्वतःच्या भाषांच्या फोल्डरमध्ये ठेवलेली मराठी फाइल प्लगइनच्या अपडेटबरोबर जाते, आणि वर्डप्रेसच्या सामाईक भाषांच्या फोल्डरमधली भाषापॅकच्या अपडेटबरोबर. लोको ट्रान्सलेट हे भाषांतराचं प्लगइन वापरत असाल तर फाइल साठवताना ‘कस्टम’ जागा निवडा.

सगळ्यात अवघड म्हणजे प्लगइनच्या आत केलेले बदल. आधी त्याच कामासाठी हुक आहे का ते शोधा. अनेकदा बदल केला गेला त्यानंतरच्या आवृत्तीत हुक आलेला असतो. नसेल तर प्लगइनच्या लेखकाला विनंती पाठवा. हाही मार्ग बंद असेल तर प्लगइनची स्वतंत्र प्रत करा: फोल्डरला नवं नाव, प्लगइनला नवं नाव, आणि शीर्षकाच्या टिपेत ‘अपडेट यूआरआय’ ही ओळ. ५.८ पासूनच्या या सोयीमुळे अधिकृत साइटवरचं त्याच नावाचं प्लगइन तुमच्या प्रतीवर येऊन बसत नाही. मात्र त्या दिवसापासून तिच्या सुरक्षेची जबाबदारी तुमची. आवृत्तीचा क्रमांक ९९ करून अपडेटची सूचनाच बंद करण्याची युक्ती काही जण वापरतात. ती धोकादायक आहे, कारण सुरक्षेची सूचनाही त्याबरोबर बंद होते आणि पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

मराठी साइटचे दोन खास प्रश्न

पहिला, लांब दुव्यांचा. वर्डप्रेसच्या पोस्टच्या तक्त्यात दुव्याच्या शेवटच्या भागासाठी २०० अक्षरांची जागा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट्सचं असतं आणि दुव्यात ते टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे एकूण जेमतेम २२ चिन्हं मावतात. ‘महाराष्ट्रातील’ हा एकच शब्द १४ चिन्हांचा, म्हणजे १२६ अक्षरांचा. त्यापुढे ‘शेतकऱ्यांच्या’ मावतच नाही.

म्हणून कुणीतरी डेटाबेसमध्ये जाऊन तो रकाना रुंद करतं. मोठ्या अपडेटनंतर वर्डप्रेस आपल्या तक्त्यांची रचना तपासतं, रकाना वेगळा दिसला की तो पुन्हा २०० वर आणतं, आणि लांब दुवे कुठेही त्रुटी न दाखवता कापले जातात. दुसऱ्या दिवशी जुने लेख ‘सापडले नाही’ असं सांगू लागतात. ‘अपडेटनंतर फक्त काही लेख उघडत नाहीत’ अशी तक्रार असेल तर पहिली शंका हीच घ्या. दुरुस्ती: बॅकअपमधून जुन्या दुव्यांची यादी काढा, लेखांना लहान दुवे द्या, आणि जुन्यावरून नव्याकडे कायमचं पुनर्निर्देशन लावा. नव्या लेखाचा दुवा प्रकाशनाआधी हातानं लहान करण्याची सवय संपादकांना लावणं हे मला रकान्याशी झगडण्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

दुसरा, अक्षरं बिघडण्याचा. साइट हलवल्यावर किंवा बॅकअप परत घातल्यावर मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर त्या प्रतीतली अक्षरं गेलेली आहेत. त्याच प्रतीवर प्रयोग करत बसू नका, मूळ बॅकअपकडे जा. पण विचित्र लॅटिन अक्षरांची रांग दिसत असेल तर मजकूर बहुतेकदा शाबूत असतो, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीनं तक्ते यूटीएफ८एमबी४ या चार बाइट्सच्या पद्धतीवर नेले, त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलला जातो. देवनागरीला तीन बाइट्स पुरतात, ती जुन्या यूटीएफ-८ मध्येही मावते. चौथा बाइट इमोजींना लागतो. खरं कारण बहुधा लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरांची पद्धत) असं नोंदलेले जुने तक्ते आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमधला न जुळणारा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरांची पद्धत, हे असतं. निर्यात आणि आयात दोन्हीकडे कॅरॅक्टर सेट स्पष्ट सांगा.

डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘शोधा आणि बदला’ मात्र करू नका. वर्डप्रेस कितीतरी सेटिंग्ज लांबीच्या आकड्यासह साठवतं आणि ती लांबी बाइट्समध्ये असते: ‘मराठी’ या शब्दाची लांबी १५. शब्द बदलला आणि आकडा तसाच राहिला की ती पूर्ण सेटिंग वाचता येत नाही, विजेट्स आणि थीमचे पर्याय रिकामे होतात. डब्ल्यूपी-सीएलआयची शोध-बदल आज्ञा आकडेही दुरुस्त करते.

प्रत्यक्ष अपडेट

बॅकअप फाइलींचा आणि डेटाबेसचा, दोन्हींचा. तो दुसरीकडे एकदा उघडून बघितलेला असावा. मग स्टेजिंग प्रत, म्हणजे चाचणीसाठी वेगळी ठेवलेली साइट. तिथून मेल आणि पेमेंट गेटवे आधी बंद करा, नाहीतर तुमच्या चाचणीच्या ऑर्डरीचे मेल खऱ्या ग्राहकांना जातील. शोधयंत्रांनाही मज्जाव करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी साइट बघा. वर्डप्रेसच्या मधल्या प्रत्येक आवृत्तीवर थांबायची गरज नाही, थेट उडी चालते. वूकॉमर्सचं डेटाबेस अपडेट मात्र वेगळं असतं, ते विसरू नका. स्टेजिंगवर सगळं नीट चाललं की चालू साइटवर फक्त फाइली न्या आणि अपडेटच्या पायऱ्या तिथे पुन्हा करा. दुकानाच्या साइटवर स्टेजिंगचा डेटाबेस कधीही चढवू नका, मधल्या काळात आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातील.

यानंतर डॅशबोर्डमधला फाइल एडिटर डब्ल्यूपी-कॉन्फिगमधून बंद करा. घाईत ‘एकच ओळ’ घालण्याचा रस्ता तिथूनच सुरू होतो. चाइल्ड थीम आणि स्वतःचं प्लगइन गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवा.

आपोआप अपडेट चालू करायचे का? वरचं सगळं झालं असेल तर हो. जुलै २०२४ मधल्या ६.६ पासून आपोआप होणाऱ्या प्लगइन अपडेटमुळे घातक त्रुटी आली तर वर्डप्रेस जुनी आवृत्ती स्वतःहून परत आणतं. फॉर्म जाणं बंद झालं, बटण हललं, असं काही त्याला कळत नाही. त्यासाठी मुख्य पान, एक लेख, संपर्काचा फॉर्म आणि एक चाचणी-ऑर्डर माणसानंच बघावी लागते. वूकॉमर्स आणि पेज बिल्डर (कोड न लिहिता पानं मांडण्याचं प्लगइन) मी आपोआप अपडेटमधून बाहेर ठेवतो.

विकतच्या थीमचा परवाना कुणाच्या नावावर आहे तेही विचारून घ्या. जुन्या डेव्हलपरच्या खात्यावर असेल तर तिच्याबरोबर आलेल्या स्लाइडरची आणि पेज बिल्डरची अपडेट्स येतच नाहीत, आणि डॅशबोर्डवर त्याचा पत्ताही लागत नाही. संस्थेच्या नावानं नवा परवाना घेणं हा तुलनेनं लहान खर्च आहे. थीमच्या लेखकानं काम सोडूनच दिलं असेल तर तिची फार डागडुजी करत बसू नका. ती पीएचपी ८ वर चालेल एवढीच दुरुस्ती करा, आणि पोस्ट-प्रकार, आकडे, फॉर्म हे सगळं स्वतःच्या प्लगइनमध्ये आणून ठेवा. ते एकदा बाहेर आलं की नवी थीम बसवताना फक्त दिसण्याचं काम उरतं.